मनगटातली पट्टी

दिवाळी उलटून वारा उत्तरेचा झाला, की आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर बांबू रोवायची घाई उडते. बोंबील सुकवायचे दिवस आलेले असतात. मी आता बांबूवर चढत नाही, सुना चढू देत नाहीत. पण खाली उभं राहून हुकूम सोडायला कोणाची परवानगी लागत नाही, ते काम मी भरपूर करते. "ती दोरी सैल हाय," "तो बांबू किडलाय, बदला तो," असं माझं चाललेलं असतं, आणि त्या गडबडीत दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "आजी, थंडीत हात दुखतो का गं?" दुखतो. मग? गुडघेही दुखतात, आणि त्यांत तर काही घातलेलं नाही.

माझ्या उजव्या मनगटात पोलादाची एक पट्टी आहे. इंग्रजी टी अक्षरासारखी, बोटाएवढी लांब, तीन स्क्रूंनी हाडावर बसवलेली. चाळीस वर्षं होत आली तिला. गेल्या वर्षी अंगठा सुजला म्हणून बोईसरला एक्स-रे काढला, तर तिथला तरुण डॉक्टर फोटो बघून म्हणाला, "आजी, ही काढायची राहून गेली वाटतं." म्हटलं, राहून गेली नाही बाबा, मी ठेवलीय. त्याला वाटलं असावं म्हातारीचं डोकं फिरलंय. मुलाला मात्र मी सांगून ठेवलंय, की माझ्या अस्थी वेचताना एक काळपट लोखंड हाताला लागेल, ते कोणा परक्याचं समजून बाजूला फेकू नकोस.

बोंबलाचा वास म्हणजे काय ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण मला तो वास कधी वेगळा येतच नाही. आमच्या घराला, गोधडीला, शाळेच्या दप्तरालाही तोच वास होता. हंगामात बोईसरच्या एसटीत मी चढले की लोक नाकाला रुमाल लावायचे. ताटात बोंबील आला की तीच माणसं बोटं चाटतात. त्या रुमालवाल्यांना मी अजून माफ केलेलं नाही, करायचा विचारही नाही.

बोंबील वलांडीवर सुकतो. उंच बांबू रोवायचे, त्यांच्यावर एकाखाली एक दोऱ्या ताणायच्या, ती वलांडी. आणि दोरीवर बोंबील अडकवायला चिमटा नको, सुतळी नको. बोंबलाच्या जबड्यात सुईसारखे आत वळलेले दात असतात. डाव्या हातात एक बोंबील धरायचा, उजव्या हातात दुसरा. उजवा तळहात आकाशाकडे करायचा, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात सरकवायचा आणि मनगट झटक्यात उलटं फिरवायचं. दोघे एकमेकांना असे चावून बसतात, की सुकेपर्यंत सोडत नाहीत. मग ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. ओला बोंबील हातातून निसटतो, दात बोटांत घुसतात. तरी माझी आय बोलत बोलत, समुद्राकडे बघत, न थांबता जोड्या लावत जायची. तिचं मनगट बघत राहावं असं होतं. मी सात वर्षांची असताना ते तिच्याकडून उचललं, आणि मला जगात जे जे येतं त्यात तेवढंच मला उत्तम येतं, असं मी आजही म्हणेन.

हात मोडला त्या वर्षी मी वीस वर्षांची होते आणि मॅट्रिक पास होते. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. माझा मोठा भाऊ काशिनाथ बोईसरच्या कारखान्यात फिटर होता आणि सालवडला खोली घेऊन राहायचा. गावाला माझी काळजी लागून राहिली होती, की एवढी शिकली आणि अजून मासळीत हात घालते. मला त्यात न शोभण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. तांडेलाच्या मुलाने बारावी करून होडीवर पाय ठेवला, तर त्याला कोणी अडवत नाही.

दिवाळीनंतर आठवड्याभरात मी वलांडीवरून पडले. वरची दोरी ओढून बांधत होते, पायाखालचा आडवा बांबू मोडला. वाळूत पडले असते तर काही झालं नसतं, पण खाली खडक होता आणि मी उजवा हात पुढे केला. आवाज मी ऐकला. आय धावत आली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "लक्ष कुठं होतं गं तुजं?" मग माझा हात बघितला आणि खाली बसली. हात मनगटापाशी तळहाताच्या बाजूला घसरून भलतीकडेच निघाला होता.

आतल्या पाड्यावरचा हाडवैद आला. त्याने हात ओढला, जागेवर आणला, पाला वाटून लावला, वरून बांबूच्या कांब्या ठेवून कापडाची पट्टी करकचून बांधली. मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याने गावातले कितीतरी हात बसवलेत, ते हात आजही वल्ही मारतात. पण माझं हाड बसत नव्हतं. ओढलं की जागेवर यायचं, सोडलं की सरकायचं. तीन आठवड्यांनी कांब्या सोडल्या तेव्हा मनगट वाकडंच होतं, आणि मी तळहात आकाशाकडे करायला गेले तर तो अर्ध्यावर येऊन थांबला. हाडवैदाने दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "आता एवढंच, पोरी. देवाची मर्जी." मला देवाचा एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता. भांडी घासायला, पाणी भरायला, नोकरी करायला तो हात पुरला असता. बोंबील लावायला तो आता कामाचा नव्हता.

सगळ्यांना लगेच उपाय सुचला. काशिनाथ रविवारी आला तोच म्हणत, "बरंच झालं, म्हणजे बरं नाय झालं, पण आता कंपनीत टेलिफोनवर बसवतो तुला. डाव्या हाताने फोन उचल." मी त्याला विचारलं, "तुजा हात मोडला तर तू टेलिफोनवर बसशील?" तो म्हणाला, "मी फिटर हाय." मी म्हणाले, "मग मी काय हाय?" माझा हा भाऊ भांडायला कच्चा, पण विचार करतो. पुढच्या रविवारपर्यंत त्याने चौकशी करून पालघरच्या एका हाडांच्या डॉक्टरचा पत्ता आणला होता.

आता आयबद्दल एक सांगायला हवं. तिचा थोरला भाऊ, माझा मामा, पायाची जखम घेऊन मुंबईच्या इस्पितळात गेला होता. जरा उघडून बघतो म्हणून त्याला आत नेला आणि तो पायाशिवाय घरी आला. तेव्हापासून 'उघडणं' हा शब्द आयच्या घरात चालत नसे. औषध, इंजेक्शन, काय हवं ते द्या, अंगाला सुरी लावायची नाही. तरीही ती आमच्याबरोबर पालघरला आली, कारण मला एकटीला काशिनाथबरोबर सोडायला तिचा जीव धजेना.

डॉक्टर तरुण होते, चष्मा नाकावर घसरलेला. एक्स-रे उजेडात धरून त्यांनी मला नीट समजावलं. सांध्याची तळहाताकडची कड तुटली आहे, तो तुकडा उतारावर ठेवलेल्या टोपलीसारखा घसरतो आहे, बाहेरून कितीही आवळलं तरी घसरणारच. त्याला आतून टेकू दिला पाहिजे. जुळायला लागलेलं हाड पुन्हा सोडवावं लागेल. आणि उशीर झालाच आहे, अजून दोन आठवडे घालवलेत तर माझ्याकडे येऊ नका. मग ते आयकडे वळले. प्लेट हा शब्द तिला कळणार नाही असं वाटून की काय, ते म्हणाले, "मावशी, हिच्या मनगटाला आपण पट्टी घालू. चांगली मजबूत पट्टी. हात सरळ होईल."

आयचा चेहरा उजळला. "पट्टी होय! मंग घाला की. आमच्याकडं पन पट्टीच घातली होती, पन सैल पडली असंल."

"कळलं ना सगळं?"

"कळलं, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुला?"

"कळलं," मी म्हणाले. आम्ही दोघींनीही खरंच सांगितलं होतं.

मला त्याच क्षणी ठाऊक होतं, की आयच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कापडाची गुंडाळी आहे. आमच्या घरात पट्टी म्हणजे जखमेवरची पट्टी. काशिनाथच्या कारखान्यात पट्टी म्हणजे पोलादाची पट्टी, तो घरी तिच्याच गोष्टी सांगायचा, म्हणून मला दोन्ही पट्ट्या माहीत होत्या. एक वाक्य बोलले असते तर आयने मला तिथून उठवलं असतं. मी ते वाक्य बोलले नाही. वीस वर्षांच्या मुलीने आपल्या आईला, तेही असल्या भीतीने पोळलेल्या आईला, असं फसवावं का? फसवू नये. मी फसवलं. तीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा गप्प बसेन.

आयला बाहेरच्या बाकावर बसवून काशिनाथ सही करायला आत आला. त्याला सगळं समजलं होतं. सही करायच्या आधी त्याने डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे आधी भोक पाडणार, मग आटे पाडणार, मग स्क्रू?"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

"मग हे तर आमचंच काम हाय." डॉक्टरांनी हसून डब्यातली एक पट्टी त्याच्या हातावर ठेवली. त्याने तिच्या कडांवरून अंगठा फिरवला, ती उजेडात तिरकी धरली, आणि एखादा जॉब पास करावा तशा आवाजात म्हणाला, "घासकाम चांगलंय. कुठं धार नाय ठेवली." मग सही केली. मला तेव्हा पहिल्यांदा धीर आला.

ऑपरेशनच्या वेळी हात बगलेपासून बधिर केला होता, पण मी जागी होते. मध्ये हिरवं कापड लावलेलं. स्पिरिटचा वास, ट्रेमध्ये ठेवलेल्या हत्यारांचा खणखणाट, आणि मग हाडात भोक पाडल्याचा आवाज. तो आवाज दुखत नाही पण दातांत येतो. बोलतं ठेवायला म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "काय करतेस तू?"

"बोंबील लावते."

"शिकलीयस किती?"

"मॅट्रिक."

"मग बोंबील कशाला लावतेस?"

"तुमी एवढे शिकलात, मग सुतारकाम कशाला करता?"

नर्स म्हणाली, "ए, हलू नकोस." डॉक्टर मोठ्याने हसले. शेवटचा स्क्रू आवळताना त्यांनी कापडापलीकडून विचारलं, "हे बोंबील लावताना मनगट नेमकं कसं फिरतं?" मी डावा हात कापडाच्या वर काढून करून दाखवलं. त्यांनी माझा बधिर हात तसाच फिरवून पाहिला असावा, कारण ते म्हणाले, "जमेल. पण मेहनत तुझी." त्यांच्याआधी मला 'जमेल' असं कोणी म्हटलं नव्हतं. नुसत्या हाडाचं कळून भागत नाही, हात कशाला हवाय तेही विचारावं, एवढं त्या माणसाला ठाऊक होतं. मी त्यांना आजही देव मानत नाही, देवावर माझा राग होता हे मघाशी सांगितलंच. चांगला कारागीर मानते.

बाहेर आले तेव्हा हातावर प्लॅस्टर आणि वर पांढरीशुभ्र पट्टी होती. आयने ती चाचपून बघितली. "ही बघ, ही खरी पट्टी. त्या वैदाची सैल होती," ती म्हणाली. काशिनाथ भिंतीकडे बघत होता. गावात परतल्यावर तिने चार घरी सांगितलं, की पालघरचा डॉक्टर पट्टी घालण्यात हुशार आहे.

प्लॅस्टर निघालं तोवर हंगाम भरात आला होता. हात काडीसारखा झालेला, मनगट लाकडासारखं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, तळहात आकाशाकडे, मग जमिनीकडे, दिवसातून शंभर वेळा. चेंडू मी शेजारच्या पोराला देऊन टाकला. घरामागे बसून मी दोन बोंबील घेऊन तेच करत राहिले. सुक्या बोंबलाचा जबडा कडकन मोडतो, म्हणून ओलेच लागत. तळहात अर्ध्यावर येऊन थांबायचा. मी त्याला शिव्या घालायचे, डाव्या हाताने रेटायचे, डोळ्यांतून पाणी यायचं ते खांद्याला पुसायचे. रोज एखाद्या नखाएवढा जास्त फिरायचा, कधी तेवढाही नाही. कोणी म्हणायचं, "कशाला जिवाला त्रास, मॅट्रिक झालीस ना?" मॅट्रिक हा जणू एक रोग होता आणि टेलिफोन हे त्यावरचं औषध.

त्याच दिवसांत एक्स-रेचं पाकीट आयच्या हाताला लागलं. ते मी कपड्यांखाली ठेवलं होतं. आयने फोटो उन्हात धरला. काळ्यावर माझी करडी हाडं आणि मध्ये पांढराधोप टी, त्यात तीन स्क्रू, एकेक आटा मोजता यावा इतका स्वच्छ.

"कुंदे, ह्ये काय?"

"पट्टी."

"ही तर लोखंडाची हाय."

"डॉक्टर हीच म्हणाले होते."

"मला कापडाची वाटली." ती थांबली. "तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी म्हणाले, "होतं."

आयने फोटो पाकिटात घातला, पाकीट जागेवर ठेवलं. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुला बेशुद्ध करून हात कापून नेला असता तर? मी भायेर बाकावर बसले होते. पट्टी घालतायत म्हनून." मग म्हणाली, "त्या हातानं माज्या दोरीला शिवायचं नाय." पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून समोर ठेवायची आणि निघून जायची. हात डॉक्टरांनी परत दिला होता, पण दोरी आयची होती, आणि दोरीशिवाय तो हात घेऊन मी काय करणार होते? मला तिचा राग यायचा आणि राग येतो म्हणून लाज वाटायची. तरी व्यायाम मी एक दिवसही चुकवला नाही. तिने दोरी दिली नाही तर दुसऱ्या कोणाच्या दोरीवर लावीन, इतकी मी हट्टाला पेटले होते. पण मला हवी होती तिचीच दोरी.

माघ संपत आला होता तेव्हा एक दिवस सकाळीच मळभ धरलं. सुकत आलेल्या बोंबलाला मळभासारखा वैरी नाही. त्यात होड्या तुडुंब भरून लागल्या. किनाऱ्यावर बोंबलाचे ढीग पडले. वारा होता तोवर सगळे दोरीवर चढवायला हवे होते, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुजले असते. बाया हात चालवत होत्या, कोणी मान वर करत नव्हतं. मी घरातून निघाले, पदर खोचला आणि आयच्या वलांडीपाशी जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. नको असंही म्हणाली नाही. मी ढिगातून दोन बोंबील उचलले.

पहिली जोडी निसटून वाळूत पडली. दुसरीही. तिसऱ्या वेळी तळहात वर गेला, जबड्यात जबडा गेला, मनगट फिरवताना आतून एक कळ कोपरापर्यंत चढली, आणि जोडी बसली. दोरीवर टाकली. लोंबली. मी पुढची घेतली.

शेजारच्या वलांडीवर जनाकाकी होती, आयच्याच वयाची, जिभेची तिखट. एक्स-रेतल्या लोखंडाची गोष्ट तोवर गावभर झाली होती. ती मोठ्याने म्हणाली, "अगं, तिला कशाला लावू देतेस? लोखंडाचा हात तो. खारं पानी लागून गंजंल, बोंबील काळे पडतील तुजे." दोघीतिघी हसल्या. माझा हात थांबला. मी काहीतरी सणसणीत बोलणारच होते.

आय आधी बोलली. हात न थांबवता, मान न वळवता, पण सगळा किनारा ऐकेल अशा आवाजात. "काळे पडले तर मी खाईन, तुला नाय वाढायची. आणि ती पट्टी मीच घालून घेतलीय. डॉक्टर कापडाची घालत होता. मी बोलले, कापडाची टिकायची नाय आमच्या कामाला, लोखंडाचीच घाल."

मी आयकडे बघितलं. ती तशीच जोड्या लावत होती, फक्त थोडी बाजूला सरकली होती, एका माणसाला उभं राहता येईल एवढी. मी त्या जागेत जाऊन उभी राहिले. त्या दिवशी तिच्या चार जोड्यांमागे माझी एक होत असेल. पण मळभ फाटून ऊन आलं तेव्हा ढीग संपला होता.

तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघी खाडीच्या पाण्यात हात धूत होतो. बोटं दातांनी सोलवटली होती, खारं पाणी झोंबत होतं. मी म्हणाले, "आय, तू खोटं बोललीस."

"बोलले," ती म्हणाली. "तू गप ऱ्हायलीस, मी बोलले. झाली फिट्टंफाट."

मग तिने माझं मनगट दोन्ही हातांत धरलं. टाक्यांच्या व्रणावरून अंगठा फिरवला, आतलं लोखंड चाचपत असावी तसा. आणि माझा तळहात आकाशाकडे वळवला, मी वळवत होते त्याच्याही पुढे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात मी सोडवून घेतला नाही.

"दुखतं?"

"दुखतं."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि कालवणासाठी बाजूला काढलेल्या ओल्या बोंबलांनी भरलेली आपली टोपली त्याच हातात देऊन पुढे चालू लागली.